तीनशे बारा चाचण्या आणि एक सून

…अहो, पण माणसानं तपासायचं तरी किती? तीनशे बारा चाचण्या! मी स्वतः बसून लिहिलेल्या, एकेक करून घेतलेल्या, आणि आता ऑफिसात जो उठतो तो मलाच बैके, म्हणजे दादा, म्हणत विचारतो, 'जोमार्त बैके, एवढं साधं कसं सुटलं हो तुमच्या नजरेतून?' तुम्हाला सांगतो, सुटलं नाही… म्हणजे सुटलं, पण सगळं तपासलं होतं हो!

काम काय होतं, तर डॉक्टरांना घरी बोलवायची फोनसेवा. आमची कंपनी बिश्केकला, आणि मी तिथे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा. डोंगरातल्या गावात कुणी आजारी पडलं की घरच्यांनी फोन लावायचा, यंत्रातली बाई विचारणार, 'रुग्णाचं नाव सांगा', ते नाव दवाखान्याच्या यादीशी जुळलं की डॉक्टरांचा फोन वाजणार. सोपं? सोपं! पण सोप्यातच पाणी मुरतं, म्हणून मी काय काय केलं ते विचारा. नाव सांगितलंच नाही. नावाऐवजी खोकलो. वय शून्य सांगितलं, एकशे तीस सांगितलं, वजा चार सांगितलं. एकाच नावाचे तीन म्हातारे एका गल्लीत घातले. शेजारी बकरी उभी करून बोललो… खरी बकरी हो, मेव्हण्याची, लिफ्टनं चौथ्या मजल्यावर आणलेली! आमचा प्रोग्रामर एल्दियार कपाळाला हात लावून म्हणतो, 'बैके, असं कोण करतं?' मी म्हटलं, 'बाळा, यंत्राला तू ओळखतोस, पण लोकांना मी ओळखतो!' हे वाक्य मला हल्ली रोज कुणीतरी परत ऐकवतं.

साहेबीणबाई म्हणजे गुल्मिरा एजे, आमच्याकडे ताईला एजे म्हणतात. त्या म्हणाल्या, 'आधी एका गावात चालवून दाखवा. महिनाभर नीट चाललं तर अख्खा जिल्हा आपला, नाही तर गाशा गुंडाळा.' मी छाती पुढे काढून म्हटलं, 'आमचंच गाव घ्या की! अत-बाशीच्या वर, माझे म्हातारे आईवडील तिथे, त्यांना बघायला माझी बायको ऐजामाल तिथे. घरचंच काम!' सगळं तपासलं होतं हो, मला कसली भीती?

तिसऱ्या दिवशी सकाळी वडील गवत कापून आले, बसले, आणि छातीत कळ. श्वास लागला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस! घरात फक्त ऐजामाल आणि आई, म्हणजे आमची अपा. ऐजामालनं एका फोनवरून सेवेला लावलं आणि अपाच्या फोनवरून मला. म्हणजे पुढचं सगळं मी बिश्केकमध्ये बसून या कानांनी ऐकलंय.

'रुग्णाचं नाव सांगा.'

ऐजामाल म्हणते, 'आमच्या घरातले थोरले.'

'नाव सापडलं नाही. रुग्णाचं नाव सांगा.'

'अहो, थोरले! पांढऱ्या घोड्याचे मालक!'

'नाव सापडलं नाही.'

कसं सापडणार? आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. जीव गेला तरी नाही! मी इकडून बोंबलतोय, 'अगं, तोलोगोन म्हण, तोलोगोन!' ती म्हणते, 'वेड लागलंय का? समोर बसलेत ते!' आणि मागून वडील, श्वास पुरत नाही तरी, 'खबरदार, पोरी! अठ्ठावीस वर्षं… नाही घेतलंस… आज एका डबड्यासाठी घेणार?' मी म्हटलं, 'अपाला दे फोन!' घाबरला की माणसाची अक्कल चरायला जाते, तुम्हाला सांगतो. अपा नवऱ्याचं नाव घेणार होय? ती यंत्रालाच झापते, 'अगं, जोमार्तचा बाप! गावात कुणालाही विचार!' 'नाव सापडलं नाही.' अपा म्हणते, 'कुणाची सून आहे गं ही? काही वळणच नाही!'

शेवटी वडिलांनीच फोन ओढला. 'तोलोगोन!' सापडलं! मी खुर्चीतून उडालो. 'रुग्णाशी तुमचं नातं?' 'मीच तो!' आणि बाई म्हणते कशी, 'रुग्ण स्वतः बोलू शकतो. तातडीची गरज नाही. गुरुवारी सकाळी दवाखान्यात या.' हा नियम कुणी सुचवला होता? मी! चाचणी क्रमांक दोनशे सात, उत्तीर्ण!

तुम्ही हसताय, पण तिकडे वडील धापा टाकत होते. ऐजामालनं फोन भिरकावला, पांढऱ्या घोड्यावर मांड टाकली, आणि दवाखान्यातल्या सालिया डॉक्टरीणबाईंना मागे बसवून घेऊन आली. इंजेक्शन मिळालं, संध्याकाळी वडील चहाबरोबर तळलेले बोर्सोक मागायला लागले, तेव्हा कुठे मी ऑफिसच्या जिन्यात बसून ढसाढसा रडलो. सगळं तपासलं होतं हो… बकरीसुद्धा! आणि अठ्ठावीस वर्षांत बायकोच्या तोंडून वडिलांचं नाव एकदाही ऐकलं नाही, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मग काय, तो दोनशे सातच्या चाचणीतला नियम उपटला आणि सोय केली की बाया आपापल्या माणसांना जे म्हणतात ते त्यांनी आधीच नोंदवून ठेवावं. ऐजामालनं गावातल्या साठ बाया जमवल्या, दोन दिवस नुसता खिदळण्याचा आवाज. नोंदी मी वाचल्या नाहीत, खाजगी असतात ना!

परवा दवाखान्यात शेवटची परीक्षा. गुल्मिरा एजे, सालियाबाई, एल्दियार, जिल्ह्याचे मोठे साहेब. साहेब म्हणाले, 'जोमार्त, तुम्हीच रुग्ण व्हा.' ऐजामालनं फोन लावला, तोंडाशी हात धरून काहीतरी पुटपुटली, आणि यंत्रातली बाई लाउडस्पीकरवर, खणखणीत, 'सापडलं. ज्यांना स्वतःच्या घरातलं काही ठाऊक नसतं, ते. माहिती बरोबर असल्यास रुग्णानं हो म्हणावं.'

सगळे माझ्याकडे बघतायत. नाही म्हणावं, तर चाचणी नापास, जिल्हा हातचा गेला! मी वाकलो, फोनशी तोंड नेलं आणि हळूच म्हणालो, 'हो.'

'आवाज नीट ऐकू आला नाही. कृपया मोठ्यानं सांगा.'