टेबलावर झोपलेल्या माणसाचा होकार

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय शामराव पेडणेकर, रुग्णालयाचे प्रमुख डॉ. सौमित्र, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी डॉक्टर, सिस्टर मंडळी, वॉर्डबॉय, आयाबाई, लालबाग-परळमधून आवर्जून आलेले माझे पेशंट आणि त्यांची माणसं, आणि केवळ जेवणाच्या वासानं थांबलेले सज्जन, तुम्हा सगळ्यांना सरोजिनी कारखानीसचा नमस्कार.

ओळख करून देत नाही. मघापासून माझीच ओळख चालली आहे. शामरावांनी मला देवी केलं, सौमित्रनं माउली केलं, आणि ज्युनिअर मुलांनी वाघीण म्हटलं. त्यातलं शेवटचं तेवढं खरं आहे. ओरडते मी. गिरगावात वाढले, घरात माणसं फार, आवाज चढवल्याशिवाय ताटात दुसरी पोळी पडायची नाही. ती सवय ऑपरेशन थिएटरातही गेली नाही. ज्यांना ज्यांना माझ्या हातून, म्हणजे माझ्या तोंडून, मार बसला त्यांनी आज टाळ्या जरा जास्तच वाजवल्या. मी जातेय याचा आनंद असणार. हसा, हसा. पुढे फार हसू येणार नाही.

भाषण मी लिहून आणलं होतं. पहिलं ऑपरेशन, थरथरणारे हात, गुरूंचे उपकार, सगळं त्यात आहे. ते पर्समध्येच राहू दे. कारण मघाशी इथे जे झालं त्याची मला इतकी लाज वाटतेय की दुसरं काही सुचतच नाही. शामराव, मी सत्काराचा अपमान करत नाहीये. पण मला बोलू द्या. सौमित्र, घड्याळाकडे बघू नकोस, जेवण गार होणार नाही.

उशिरा आलेल्यांसाठी सांगते. माझ्या कौतुकाची एक छोटी फिल्म इथे पडद्यावर दाखवली. तिच्यात आतड्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या. अशा ऑपरेशननंतर काही काळ शौचाची वाट पोटावरच काढून द्यावी लागते आणि तिथे पिशवी लावावी लागते. आतडं बरं झालं की दुसरं ऑपरेशन करून ती वाट बंद करतात. तर त्या बाई टेबलावर झोपल्या आहेत, लुगडं सोडलेलं आहे, आमचा डॉ. नील त्यांना पिशवी कशी बदलायची ते शिकवतोय, मी शेजारी उभी राहून हसतेय. मागे बासरी. मग दिवे लागले आणि त्याच बाई नवी साडी नेसून व्यासपीठावर आल्या, मला पुष्पगुच्छ दिला, म्हणाल्या, मॅडममुळे मी जगले. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात.

नाव मी घेणार नाही. फिल्मवाल्यांनी ठळक अक्षरांत घेतलं तेवढं पुरे झालं. आणि हे सगळं मी त्यांना विचारून सांगतेय, आणि त्या घरी निघून गेल्यावर सांगतेय. पुढे बोलेनच.

व्यासपीठावर बसलं की खालचं सगळं दिसतं, हे तुमच्या लक्षात येत नाही. फिल्म चालू असताना मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं नाकाला पदर लावला. मी तुमच्यावर रागावत नाही हो, पहिल्यांदा बघितलं की होतं तसं. पण त्या बाई लालबागला डबे करून देतात. पोळी, भाजी, आमटी, शुक्रवारी घावणे. गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हापासून त्या डब्यांवर घर चाललंय. पिशवीचं लेकीशिवाय कुणाला माहीत नव्हतं. शेजारणीला नाही, भिशीतल्या बायकांना नाही. आणि आम्ही काय केलं? या समारंभाचं आमंत्रण त्यांच्याच गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर लावलं, आणि त्यांचं पोट त्यांच्याच गिऱ्हाइकांना भिंतीएवढं करून दाखवलं. माझ्या कौतुकासाठी!

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. गुच्छ देताना त्या माझ्या कानाशी वाकल्या. तुम्हाला वाटलं असेल, आशीर्वाद देतायत. वयानं मोठ्या आहेत, मला एकेरी हाक मारतात, मालवणीत अहो-जाहो फार चालत नाही आणि मला ते आवडतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाय, नीट बोललंय मां मी? आता माझी तारीख मिळात मां?"

तारीख म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनची. वाट बंद करायच्या ऑपरेशनची. ती दोनदा पुढे गेली होती. एकदा अपघाताची केस आली म्हणून, एकदा भूल देणारे डॉक्टर आजारी म्हणून. आमच्याकडे हे रोजचंच. आम्ही म्हणतो, पुढच्या वेळी बघू, आणि चहा प्यायला जातो.

शामराव माझ्यावर इतकं सुंदर बोलत होते, तेव्हा मी उठून बाहेर गेले. तुम्ही म्हणालात, मॅडमना भरून आलं. भरूनबिरून काही आलं नव्हतं. मी त्या बाईंना शोधायला गेले होते. त्या लेकीबरोबर पायऱ्यांपाशी टॅक्सीची वाट बघत उभ्या होत्या.

मी विचारलं, "मावशी, ही फिल्म इथे सगळ्यांसमोर दाखवणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"शिकणाऱ्या पोरांका दाखवतले असा वाटला माका."

"मग इथे आल्यावर कळलं तेव्हा नको का नाही म्हणालात?"

तर त्या हसल्या. म्हणजे, मला काय अक्कल नाही असं वाटून हसल्या. म्हणाल्या, "तू रिटायर होतलंस. मगे माका कोण बघतलो? ह्या पोरग्याच्याच पाया पडूचे लागतले मां?"

हे पोरगं म्हणजे नील. नील, बाळा, मान वर कर. तुझ्यावर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाहीये. मी बाहेरून परत आले तेव्हा तू मला म्हणालास, "मॅडम, पण मी विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या होत्या." संघमित्रा सिस्टरही म्हणाल्या, "मीपण विचारलेलं, मॅडम. त्या खुशीनं हो बोलल्या." दोघंही खरं बोलताय. पण विचारलंत कुठे, नील? तपासणीच्या टेबलावर. त्यांचं लुगडं सोडलेलं, पिशवी अर्धी काढलेली, भोवती चार माणसं उभी, आणि तुझ्या एका हातात स्वच्छ पिशवी, दुसऱ्या हातात शूटिंगसाठी संघमित्रा सिस्टरांकडे द्यायला काढलेला मोबाइल. त्या अवस्थेत कोण नाही म्हणेल? मी म्हणाले असते का? शामराव, तुम्ही म्हणाला असता?

आणि मी तिथेच होते. हे महिन्याभरापूर्वीचंच आहे, मला चांगलं आठवतंय. मीच म्हणाले होते, "घे रे व्हिडिओ, मावशींची काही ना नाही. काय हो मावशी?" त्यांच्या वतीनं उत्तर मीच देऊन टाकलं आणि मग प्रश्न विचारला. वर हसलेही. ते हसू फिल्ममध्ये आहे. मघाशी तुम्ही त्यालाच टाळ्या वाजवल्यात.

एरवी मी ज्युनिअर मुलांना किती शिकवते, पेशंटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही! सौमित्र हसतोय, कारण ते वाक्य मी त्याच्याही कानीकपाळी ओरडलेय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. होकार कसा मागायचा हे आम्हाला येतं. समोरच्याला नाही म्हणता येईल का, हे आम्ही बघत नाही. पडलेल्या माणसाला सगळे उभेच दिसतात, आणि आपली तारीख कुणाच्या हातात आहे, हेही त्याला बरोबर दिसत असतं.

आता मला एक घाणेरडी शंका छळतेय. ती बोलून दाखवते. इतकी वर्षं पेशंट माझ्या पाया पडले. गावाहून काजू आणले, फणसाचे गरे आणले, आमसुलं आणली. माझ्या घरात आमसुलं कधी विकत आली नाहीत. मी ते सगळं प्रेम समजून घेतलं. असेलही प्रेम, नाही कसं म्हणू? पण त्यातलं प्रेम किती आणि "बाय, मला विसरू नको" किती, हे मला आज सांगता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी माणसानं आपल्या पुण्याईची पुरचुंडी सोडून बघावी आणि आत काय आहे हेच कळू नये. शरम वाटते हो. खरंच शरम वाटते.

म्हणून दोन गोष्टी मागते, सत्काराऐवजी द्या. ज्यांनी ज्यांनी ती फिल्म मोबाइलवर टिपून घेतली असेल त्यांनी आत्ता, माझ्यासमोर, ती काढून टाका. ग्रुपवर टाकली असेल तर तिथूनही काढा. मी थांबते. वाघीण आहे, माहीत आहे ना? ... बरं. दुसरी गोष्ट डॉक्टर म्हणून सांगते. अशी पिशवी लावून या शहरात कितीतरी माणसं ऑफिसात जातात, देवळात जातात, लग्नात जेवायला बसतात, स्वयंपाक करतात. हात धुतलेल्या कुठल्याही माणसाच्या हातचं जेवण जितकं स्वच्छ, तितकंच त्यांच्या हातचं. कुणाला शंका असेल त्यानं मला विचारावं, दुसऱ्या कुणाला नाही. गल्लीत तर मुळीच नाही.

आता आभार. शामराव, सौमित्र, सिस्टर मंडळी, थिएटरातली माझी माणसं, तुम्ही मला सांभाळून घेतलंत, त्याचे आभार मानते, आणि ते मनापासून आहेत. नील, तुझेही मानते. प्रेमानंच केलंस तू, म्हणून तर जास्त लागतं.

शेवटी, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा, असं म्हणून वक्त्यानं खाली बसायचं असतं. मला सोयीस्कर माफी नको आहे. पायऱ्यांपाशी मी नीलला बोलावून विचारलं, "यांची तारीख कधी?" तो म्हणाला, "मॅडम, कालच ठरलीय. मंगळवार. सांगायचं राहून गेलं." सांगायचं राहून गेलं! त्या बाई नवी साडी नेसून जी मिळवायला इथे आल्या होत्या, ती तारीख आधीच आमच्या खिशात होती.

मी तिथेच त्यांना मंगळवार सांगितला. दोनदा सांगितला. मी रिटायर झाले तरी त्या दिवशी थिएटरात उभी राहीन, असंही सांगितलं. त्यांनी लेकीकडे बघितलं, पदर सारखा केला. मग मी म्हणाले, "मावशी, मला या सगळ्याबद्दल बोलायचंय, बोलू का?" त्या म्हणाल्या, "नाव घेव नको, आणि मी गेल्यावर बोल." मी हो म्हटलं. पुढे म्हणाले, "उद्या मी तुमच्या घरी येते. नीट बसून माफी मागते."

तर त्या टॅक्सीत बसता बसता म्हणाल्या, "नको. तू येव नको. शेजारी इचारतले, डॉक्टरीण कित्याक इली. माका नको असा."

इतक्या वर्षांत माझ्या एकाही पेशंटनं मला असं तोंडावर नको म्हटलेलं आठवत नाही. आणि त्यांनाही ते म्हणता आलं, ते तारीख हातात पडल्यावर. मी उद्या जाणार नाही. त्या नको म्हणाल्या आहेत.

आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. नमस्कार.