चौथ्या घरातला मंगळ

महाराज : मागच्या वर्षी बघितलं, आज पुन्हा बघितलं, म्हाळबा. मंगळ चौथ्या घरात बसलाय. माझ्या सांगण्यानं तो काही उठायचा नाही.

म्हाळू : मी बी तेच म्हणतोय. पण माझ्याकडं बघून कशाला सांगता? लेकीकडं तोंड करून सांगा. मला कुटं गाडी चालवायचीय.

योगिता : अण्णा, महाराजांना आधी सगळं तर सांगा. महाराज, मी एसटीच्या ड्रायव्हरची परीक्षा पास झालेय. सोमवारी बीडला ट्रेनिंगला हजर व्हायचंय. न्हाई गेले तर जागा दुसऱ्याला जाती.

महाराज : ड्रायव्हर? मोठ्या गाडीवर?

योगिता : मोठ्याच. छोटी एसटी कुठं असती.

महाराज : म्हाळबा, तू नुसतं म्हणालास, पोरीच्या नोकरीचं बघा.

म्हाळू : ही नोकरीच हाय की. मागच्या साली लग्नासाठी पत्रिका मांडली, तवा तुमीच म्हणलाता, पोरीला गाडीपासून जपा. तवापासून मी हिला कुणाच्या मोटारसायकलवर बसू देत न्हाई. अन् ही आता गाडीभर माणसं मागं घेऊन निघाली.

योगिता : मागं बसू देत नव्हता, म्हणून तर चालवायला शिकले.

म्हाळू : कुणाची गाडी?

योगिता : पप्पूदादाचा पिकअप. तुमी मेंढरं घेऊन लांब असता तवा.

म्हाळू : ऐका महाराज. चुलतभावानं शिकवलं, अन् बापाला आज कळतंय.

महाराज : थांब जरा. माणूस कशावर पोट भरणार, ते दहाव्या घरात बघायचं. बुध असला तर हिशेब, व्यापार. गुरू असला तर शिकवणं. शुक्र असला तर कपडालत्ता, दागदागिने. शनी असला तर लोखंड अन् अंगमेहनत. हिचं दहावं घर रिकामं आहे.

म्हाळू : म्हणजे नोकरीच न्हाई?

महाराज : तसं नाही. घर रिकामं असलं, की त्याच्यावर कुणाची नजर आहे ते बघायचं. समोर चौथं घर. ते वाहनाचं. तिथून मंगळ बघतोय.

योगिता : म्हणजे वाहनाच्या घरातला मंगळ माझ्या नोकरीकडं बघतोय. मग ड्रायव्हरच की.

महाराज : पोरगी चलाख आहे.

म्हाळू : चलाख म्हणू नका, आणखी चढंल. आधीच आईनं डोक्यावर घेतलीय. तुमी ते गाडीपासून जपायचं वाचा.

महाराज : वाचतो. जन्म एक जून, दिवेलागण झाल्यावर, मुक्काम तलवाडा...

योगिता : एक जून?

महाराज : म्हाळबानं शाळेचा दाखला आणून दिला होता. त्यावरून मांडली.

योगिता : महाराज, ती तारीख पहिलीच्या गुरुजींनी टाकलीय. ज्याची तारीख म्हाईत न्हाई त्याची एक जून. आमचा निम्मा वर्ग एक जूनचा होता. शाळा उघडली की गुरुजी सगळ्यांच्या वाढदिवसाची साखर एकदाच वाटायचे.

म्हाळू : तुमी जन्मतारीख इचारली, मी दाखला दिला. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर.

महाराज : अरे, शिक्का मारला म्हणून ग्रह जागा बदलत नाहीत. आता माझ्या ध्यानात येतंय. मी म्हणायचो, या भागातल्या निम्म्या पोरांच्या कुंडल्या सारख्याच कशा?

योगिता : तुमची तारीख कोणती, महाराज?

महाराज : एक जून. पण माझ्या बापानं माझी खरी वेगळी मांडून ठेवलीय. म्हाळबा, ही खरी जन्मली कधी?

म्हाळू : शिवरातीला. तवा आमचा मेंढरांचा वाडा उमापूरच्या शिवारात उतरला होता. तिथल्या मोहनरावानं खतासाठी त्याच्या रानात मेंढरं बसवलीती. दिवे लागले अन् हिच्या आईनं, साखराबाईनं, उपासाची रताळी चुलीवर ठिवली. रताळी शिजायच्या आत ही आली. मोहनरावाच्या मालकीणबाईनं नाळ कापली.

महाराज : हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?

म्हाळू : तुमी तारीख इचारली. रताळ्याचं कुणी इचारलं न्हाई.

महाराज : आण माझा मोबाईल इकडं, त्यात नवी पत्रिका मांडतो. साल तेच ना?

म्हाळू : साल तेच. मोठा पाऊस झालता त्याच्या दुसऱ्या वर्साचं.

महाराज : शिवरात्र... उमापूर... दिवेलागण. हं. मंगळ चौथ्या घरात.

म्हाळू : तिथंच? तारीख बदलली, गाव बदललं, अन् ह्यो हलला न्हाई?

महाराज : पण दहावं घर आता रिकामं नाही. तिथं शनी आहे. दोघं समोरासमोर.

म्हाळू : आता शनीबी आला. नवी मांडायला लावली हेच चुकलं.

महाराज : ऐक तर. शनी म्हणजे लोखंड, मेहनत अन् आम जनता. त्यावर हिचं पोट. अन् चौथ्यातला मंगळ म्हणजे गाडीपासून इजा असंही ग्रंथात आहे, अन् गाडीवर हुकूम चालवणारा असंही आहे.

म्हाळू : मग मागच्या साली एकच का सांगितलं?

महाराज : तू लग्नाचं विचारायला आला होतास. मी धरून चाललो की पोरगी मागं बसणार, चालवणार दुसरा. स्टिअरिंग हिच्याच हातात असेल, हे डोक्यातच आलं नाही.

योगिता : महाराज, मला त्या शिटावर बसलं की लई बरं वाटतं. लांबपर्यंत रस्ता दिसतो.

म्हाळू : तू गप. महाराज, दोन्हीतलं खरं कोणतं?

महाराज : ते पत्रिकेत नाही. ही चालवते कशी, बघितलंस कधी?

म्हाळू : न्हाई.

योगिता : मघाशी पप्पूदादाच घेऊन आलाय ना आपल्याला. पिकअप दारात हाय. किल्ली मागू का?

म्हाळू : मी म्होरं बसणार. अन् महाराज, तुमीबी चला.

महाराज : मी? मी कशाला?

म्हाळू : दोन्ही अर्थ तुमीच सांगितले. बसा आता.

(तलवाड्याच्या बाहेरचा रस्ता. पिकअपमध्ये तिघं दाटीवाटीनं बसलेले.)

महाराज : हळू, पोरी, हळू.

योगिता : महाराज, सायकलवाला पुढं गेला आपल्या.

महाराज : जाऊ दे. त्याची पत्रिका मी बघितलेली नाही.

म्हाळू : गियर टाकताना हात लोखंडासारखा ठिवू नको.

योगिता : तुमाला कवा कळलं गियरचं?

म्हाळू : मला न्हाई कळत. पप्पू म्हणतो तसं म्हणलो.

महाराज : अगं, गाडी का बंद केलीस? मेंढरं पार लांब आहेत अजून. हॉर्न दे, सरकतील.

योगिता : न्हाई महाराज. हॉर्न दिला की म्होरकी बिथरती अन् कळप फुटतो. मागं लहान पिलं हायेत. म्होरकी रस्ता पार झाली की बाकीची आपसूक जातात.

महाराज : कोणाची आहेत?

म्हाळू : मुंजाजीची. त्याचा गडी बघा कसा बघायलाय. त्याला वाटतंय, कोण एवढा शहाणा ड्रायव्हर आला.

योगिता : अण्णा, सगळी गेली. निघू का?

म्हाळू : थांब. ते लंगडं पिलू ऱ्हायलंय... हां. आता निघ.

महाराज : म्हाळबा, आता तरी बोल काहीतरी.

म्हाळू : सोमवारी सकाळी वेळ कशी हाय, महाराज?

महाराज : साडेसात ते नऊ राहूकाळ. तेवढा टाळावा.

योगिता : मला नवाला बीडला हजर व्हायचंय, अण्णा.

म्हाळू : मग उजाडताच निघू. मी फाट्यापर्यंत येतो.