सासूबाईंच्या हातची पुडिंगं

बीफच्या रोस्टबरोबर खायचं, पिठाचं फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग ओव्हनमधून थेट ताटात यावं आणि ते यॉर्कशायरच्याच माणसाच्या हातचं असावं, या दोन गोष्टींवर यॉर्कशायरमधल्या ऑटली गावात कुणी वाद घालत नाही. शनिवारी खाटीक क्लिफर्ड बीफ कापत होता आणि काउंटरपलीकडे रांगेत थेल्मा आणि तिची मैत्रीण मार्जरी बोलत होत्या.

"उद्या सासूबाई जेवायला येतायत," थेल्मा म्हणाली. "पुडिंगं फ्रीझरमध्ये तयार आहेत, नुसती गरम करायची."

"शिळी? त्यांना कळलं तर?"

"नाकाला पीठ लावून दार उघडणार आहे मी."

"पण तुझी तर कधी फुगतच नाहीत गं."

"मी पडले शेजारच्या लँकेशायरची. सासूबाई म्हणतात, तुमच्याकडे माणसंसुद्धा फुगत नाहीत, पुडिंगं कुठून फुगणार."

"मग ही कशी फुगली?"

"ही त्यांचीच आहेत. ईस्टरला त्यांच्याकडे उरली होती, ती मी पर्समध्ये घातली."

"भवाने, त्यांचीच त्यांना वाढणार?"

"लग्न झाल्यापासून नावं ठेवतायत. उद्या स्वतःच्याच पुडिंगांना ठेवू देत."

"आणि छान झालीत म्हणाल्या तर?"

"तर कृती विचारतील. मी सांगणार नाही."

क्लिफर्डनं मान वर न करता बीफ कागदात बांधून दिलं. थेल्माच्या सासूबाई दर ईस्टरला त्याच्या दुकानाच्या मागच्या दारानं येऊन गोठवलेल्या तयार पुडिंगांची पिशवी नेत. ती पुडिंगं लँकेशायरच्या एका कारखान्यात बनतात.