कोतेत्सू कुणाची

— हात नको लावूस, सदानंद, रंग ओला आहे. बस तिथं. लेकीनं पाठवलंय ना तुला, अँजेलीननं? नाही म्हणू नकोस — शेजारी राहतोस, पण माझी बोट बघायला कधी आला नाहीस. बघ मग. कोतेत्सू. जपानची पहिली चिलखती युद्धनौका. मी चौथी शिकलेला, पण गोदीत आयुष्यभर पत्रे ठोकले, बोट मला कळते. नातीनं मोबाइलवर वाचून सांगितलं, मी ही पत्र्याची छोटी घडवली.

ऐक तर. बांधली फ्रान्समध्ये, अमेरिकेतल्या बंडखोरांसाठी — फ्रान्सचं सरकार म्हणालं, त्यांना द्यायची नाही. मग डेन्मार्कला. तिथवर गेली, तर त्यांनी घेतली नाही — का? त्यांची लढाई संपली होती. परत बंडखोरांकडे. हवानाला पोचते तो त्यांचीही संपलेली! थांब, मी बोलतोय ना? — मग गेली अमेरिकन सरकारकडे, त्यांच्याकडून जपानच्या शोगुननं घेतली, म्हणजे तिथल्या लष्करी कारभाऱ्यानं. योकोहामाला आली तो तिथं आपसातच युद्ध. अमेरिकन म्हणाले, कुणालाच देत नाही. राहिली उभी बंदरात, परका झेंडा लावून. शेवटी मिळाली सम्राटाला — ज्यानं मागवली त्याच्याच माणसांवर तोफा डागल्या तिनं.

नाव घातलं नाही, बरोबर. कुठलं घालू? किती झाली तिची. आमच्या गोदीत नाव पत्र्यावर वेल्डिंगनं उठवायचे. मालक बदलला की घासून काढायचं काम माझं. कितीही घासा, रंग मारा — उन्हं तिरपी झाली की जुनं दिसतंच. मी वसईचा जॉर्ज आहे. डब्लिनला जाऊन दुसरा कोण होणार होतो? — होणार होतो म्हणालो का मी?

बरं, म्हणालो. माहीत आहे मला. आखातातल्या या थुमामाच्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत. जावई फोनवर बोलत होता, अँजेलीन रडत होती — तिची डब्लिनची नोकरी पक्की, नवरा, पोरगी जाणार, बापाचा व्हिसा नाकारला. तेव्हापासून जेवताना दोघं नुसतं हवापाणी बोलतात. म्हणून तुला पुढे केलं. कुठला स्वेटर? तो जाड लोकरीचा होय — मीच आणला. एसी गार लागतो मला. हसू नकोस.

आता तू काही सांगायचं नाहीस. उलट तिला म्हण — अंकल हट्टी आहे, म्हणतो मी वसईला परत जाणार, तिकडे येणार नाही, तुम्ही जा. चिडेल. चिडू दे — चिडून निघाली तर विमानात रडणार तरी नाही. व्हिसाचं मला कळलंय हे तिच्या कानावर गेलं, तर याद राख. लिफ्ट वाजली, तीच असेल. ऊठ. तोंड नीट कर आधी — आणि दार ओढून घे.