घडी न मोडलेला अंगरखा

मंडळी, ऐका! एक विचारतो, उत्तराची घाई करू नका. पोटचा गोळा मरणाच्या वाटेला निघालाय, आणि त्याला अडवणं तुमच्या हातात आहे. अडवाल? — बघा, मावश्यांनी लगेच माना डोलावल्या! बरं. आता एका आईची गोष्ट ऐका. ती तर देवी होती!

कुठली देवी? ग्रीस देशाची. समुद्रात राहणारी. नाव थेटिस. अहो बाबलकाका, भुवया कसल्या उंचावता? आपल्या जेटीला लागतं ते पाणी खारट, तिकडचं काय गोड असतं?

तर थेटिसचं लग्न झालं माणसाशी. ती अमर, पण पोरगा अकिलीस माणसासारखाच मरणारा. ट्रॉय नगराशी युद्ध पेटलं, पोरगा निघाला. आईनं काय केलं? संदूक भरली! लोकरीचे अंगरखे, कांबळी... देवी झाली म्हणून काय झालं? तुम्ही नाही बोटीवर जाणाऱ्या पोराच्या बॅगेत स्वेटर कोंबत? तो ओरडत असतो, "आई, दुबईत कुठली थंडी!" तरी कोंबताच ना!

वर्षं गेली. तिकडे सेनापतीनं भर सभेत अकिलीसचा अपमान केला. झालं! हा दिवाळसणाच्या जावयासारखा रुसून तंबूत! शेवटी त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याचंच चिलखत चढवून रणात गेला — आणि मारला गेला. शत्रूकडच्या हेक्टरनं मारलं, चिलखतही ओरबाडून नेलं.

अकिलीस किनाऱ्यावर धाय मोकलून रडला. ते तळाशी आईला ऐकू गेलं. धावत वर आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"आई, मला चिलखत आणून दे. हेक्टरला मारल्याशिवाय घास उतरणार नाही."

"बाळा, तो पडला की पाठोपाठ तू! तसंच लिहिलंय रे तुझ्या कपाळी!"

"मी रुसून बसलो, आणि त्याला एकटं पाठवलं. आता जगून काय करू?"

आई उठली. गेली देवांच्या लोहाराकडे. हा लोहार पायानं अधू. जन्मदात्रीनं टाकलेला, थेटिसनं सांभाळलेला. तो म्हणाला, "माय, तू सांग, आत्ता भट्टी विझवतो. चिलखत नाही, तर लढाई नाही. पोरगा वाचेल तुझा!"

ऐकताय ना? एकच शब्द बोलायचा होता! शब्द ओठांवर आलाही होता. कुठल्या आईच्या येणार नाही? पण डोळ्यांपुढे पोराचं तोंड आलं. श्वास चालू, आणि माणूस आत मेलेला. असाच ठेवायचा त्याला, आपल्यासाठी?

"पेटव भट्टी," ती म्हणाली.

"माप?"

तिनं हवेलाच मिठी मारली. "एवढा. कवेत घेतला की माझे हात त्याच्या पाठीवर जुळत नाहीत आता."

लोहारानं मान खाली घातली आणि घण उचलला.

उजाडता उजाडता ती चिलखत घेऊन तंबूत आली. लोखंड अंगाला टोचेल, म्हणून आत घालायला काहीतरी शोधू लागली. संदूक उघडली. वरच अंगरखा. तिच्या हातची घडी, जशीच्या तशी!

"हा घातलाच नाहीस?"

"घरी येताना घालणार होतो, आई. लांबूनच ओळखशील म्हणून."

— मृदंगवाले, थाप थांबवा जरा.

मंडळी, तिनं स्वतःच्या हातानं ती घडी मोडली. अंगरखा घातला, वर चिलखत, एकेक बंद आवळून बांधला. शेवटच्या गाठीशी हात रेंगाळले. मग तो गेला. हेक्टर पडला, आणि पुढे एका बाणानं हाही.

आणि ती? तिला मरण नाही हो! आपलं दुःख आपल्याबरोबर चितेवर जातं. तिचं कुठं जाणार? ती अजून किनाऱ्याशी येते, वाळूवर बघते, मागे जाते. पुन्हा येते.

तर सांगा मावश्यांनो, अडवाल? देवाजवळ मागा खुशाल, लेकरू जवळ राहू दे म्हणून. पण जाणाऱ्याचे बंद आपल्या हातानं बांधायचं बळही मागा. आणि पोरांनो, तुमच्या कपाटातही आईनं दिलेलं काहीतरी आहे. परतीसाठी राखून ठेवू नका. उद्याच घडी मोडा, आणि तिच्यापुढे जाऊन उभे राहा. तिचे डोळे आहेत तोवर!