हानाएच्या तीन शिंका

अरे, आमच्या रघूचं लग्न कसं ठरलं ते ऐका. माझा हा धाकटा भाऊ ओसाकाला नोकरी करतो. सुट्टीत तंजावूरला आला, तेव्हा ऑफिसातली जपानी मैत्रीण हानाए राजवाडा बघायला म्हणून सोबत आली. आत्याने मात्र त्याच्यासाठी तिरुवैयारूला मुलगी बघायला जायचं ठरवलेलं.

आम्ही निघालो आणि दारातच हानाए शिंकली.

"अय्यो, बसा सगळे!" आत्या ओरडली. माझी मुलगी "ब्लेस यू" म्हणून मोकळी झाली.

हानाए रघूने शिकवलेल्या आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाली, "माझी आजी म्हणते, एक शिंक म्हणजे कुणीतरी कौतुक करतंय. आई नुसती हसते."

आणि पुन्हा शिंकली. आत्या खूश. "दोन झाल्या, दोष गेला! चला!"

"दोन म्हणजे कुणीतरी नावं ठेवतंय," म्हणता म्हणता हानाए तिसऱ्यांदा शिंकली आणि लाजली.

"तीन म्हणजे?" आत्याने विचारलं.

"कुणीतरी प्रेमात पडलंय."

"मी," रघू म्हणाला.

आम्ही सगळे गार! आत्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आणि चौथी आली तर?"

"सर्दी."

"मग मी मिऱ्याचं रसम टाकते," आत्या पदर खोचत म्हणाली. "तिरुवैयारूला कोण जातंय आता!"