कच्च्या वहीतली १२.५५ ची नोंद

पुरवणी जबाब

मी, बायकांच्या शस्त्रक्रिया वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (परिचारिका), शिवाय नर्सिंग शाळेत दर बुधवारी कायदा व नोंदी या विषयाची तासिका, राहणार रुग्णालयामागची कर्मचारी वसाहत, इमारत दोन, तळमजला. आज दि. १९ रोजी दुपारी १२.२० वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. नोकरीला एकतीस वर्षे झाली, निवृत्तीला चार महिने आहेत. याच गुन्ह्यात गेल्या महिन्याच्या २२ तारखेला माझा जबाब झालेला आहे. त्यात मी सांगितलं होतं की घटनेच्या वेळी मी कपड्यांच्या खोलीत चादरी मोजत होते आणि मला कोणी काही कळवलं नाही. चादरी मी मोजत होते. कळवलं नाही हे खोटं आहे.

जिच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल आहे ती स्टाफ नर्स, वय २४, माझी विद्यार्थिनी. वॉर्डात तिला सगळे 'चित्रगुप्त' म्हणतात, कारण कोणी शिंकलं तरी ती वेळ टाकून लिहून ठेवते. हे नाव मीच पाडलं. तिला ते आवडायचं. आता ती निलंबित आहे आणि तिचं नाव परिचारिकांच्या नोंदणीतून कायमचं काढायचं की नाही याची सुनावणी परवा, २१ तारखेला आहे. नाव गेलं की तिला कुठल्याही दवाखान्यात साधी सुईसुद्धा हातात धरता येणार नाही.

आमच्या वॉर्डात दोन ठिकाणी लिहितात. एक केसपेपर, जो डॉक्टर बघतात, नातेवाईक मागतात आणि कोर्टात जातो. दुसरी कच्ची वही, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, टेबलाच्या खणात. पाळीत जे घडेल ते त्या त्या वेळी कच्च्या वहीत लिहायचं आणि पाळी संपताना त्यातलं केसपेपरवर सुवाच्य अक्षरात उतरवायचं. मग इन्चार्ज कच्च्या वहीत 'पाहिले' असं लिहून सही करते. महिना संपला की वही फाडून टाकतात. नियमात अशी वही नाही. केसपेपरवर खाडाखोड नको म्हणून ती आहे, असं आम्ही नव्या मुलींना सांगतो. खरं कारण असं की काय उतरवायचं आणि काय नाही हे ठरवायला मधे वेळ मिळतो. माझ्या आधीच्या सिस्टरांनी ही पद्धत घातली, मी चालू ठेवली.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, सही करताना वरचं वाचता का. पाळी बदलताना दहा कागद एकदम पुढे येतात, सह्यांची घाई असते, असं मी सांगितलं.

गेल्या महिन्याच्या १४ तारखेला मी आणि ती सकाळी आठ ते दोनच्या पाळीला होतो. खाट नंबर अकरावर ५२ वर्षांच्या एक बाई होत्या. शिवणकाम करायच्या. आदल्या दिवशी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी औषधं देताना त्यांना चित्रगुप्तच्या गणवेशाची काखेतली शिवण उसवलेली दिसली. "मला घरी जाऊ दे, मग टाका घालून देते, पोरी. हे असं बरं दिसत नाही," असं त्या म्हणाल्या. आम्ही हसलो.

११.१० वाजता त्यांची नाडी ११८, रक्तदाब ९०/६०, अंगाला गार घाम, पोट ताठ. ११.१५ ला चित्रगुप्तने आतल्या फोनवरून सर्जनसाहेबांना ओपीडीत कळवलं. ते म्हणाले, "ऑपरेशन झालंय, दुखणारच. दुखण्याचं इंजेक्शन दे, येतो मी." आले नाहीत. १२.०५ ला रक्तदाब ८४/५०. दुसरा फोन. "येतो म्हटलं ना?" १२.४५ ला रक्तदाब ७६/४०. तिसरा फोन. "डॉक्टर तू की मी?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आतल्या फोनची नोंद कुठे राहत नाही. इथपर्यंतचं मी कच्च्या वहीवरून सांगते. पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

१२.५५ ला ती कपड्यांच्या खोलीत आली. धावत आली होती. म्हणाली, "बाई, अकरा नंबरला आतून रक्त जातंय. सर येत नाहीत. मी अधीक्षकांना फोन लावते."

मी म्हटलं, "थांब. सर्जनच्या डोक्यावरून गेलीस तर उद्या तुला कोण वाचवणार? येतील ते."

ती म्हणाली, "पण बाई, तुम्हीच शिकवलंय ना? अर्ध्या तासात डॉक्टर आले नाहीत तर वर कळवायचं, कोणाची परवानगी मागायची नाही."

मी म्हटलं, "ते परीक्षेत लिहायला."

इथे हवालदारांनी पेन थांबवून विचारलं, हे जबाबात घ्यायचं का. मी म्हटलं, घ्या. एकतीस वर्षं मी मुलींना 'हे नको उतरवूस' सांगत आले आहे, आज एवढं तरी राहू दे.

मी तिला का थांबवलं, असं साहेबांनी विचारलं. नऊ वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी मी स्वतः याच सर्जनसाहेबांच्या डोक्यावरून अधीक्षकांना फोन केला होता. तो रोगी वाचला. मला दोन वर्षं धुलाईघरात टाकलं. मळक्या चादरी मोजायच्या, स्वच्छ चादरी मोजायच्या. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण तोंड माझं पोळलं होतं आणि जीव अकरा नंबरचा गेला, याचा हिशेब मला लावता येत नाही.

तिने माझं ऐकलं. परत जाऊन तिने खाटेचा पायाकडचा भाग उंच केला आणि पाच-पाच मिनिटांनी नाडी बघत बसली. सर्जनसाहेब १.५० ला आले आणि आल्याआल्या ओरडले, "आधी का नाही सांगितलं?" ऑपरेशनला नेताना २.१५ वाजता लिफ्टच्या दारात बाई गेल्या. त्यांची मुलगी, म्हणजे या गुन्ह्यातली फिर्यादी, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेली होती. भेटायची वेळ चारची असल्याने आम्ही तिला सकाळपासून आत घेतलं नव्हतं. नियम आम्ही असे पाळतो.

३.३० वाजता अधीक्षकांच्या खोलीत अधीक्षक, सर्जनसाहेब, मेट्रन आणि मी असे चौघे बसलो. सर्जनसाहेब म्हणाले, "फोनवरच्या बोलण्याची कसली नोंद करता?" अधीक्षक मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या मुली तुम्ही सांभाळून घ्या." मेट्रन खिडकीबाहेर बघत होत्या. चहा आला होता, तो मी प्यायले.

खाली येऊन मी चित्रगुप्तला सांगितलं, "रक्तदाब आहेत तसे उतरव. फोनचं राहू दे, ते सर स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत." ती म्हणाली, "नक्की ना, बाई?" मी म्हटलं, "मी आहे ना." तिने उतरवलं. सर्जनसाहेबांनी त्यात एक अक्षर लिहिलं नाही, आणि ते लिहिणार नाहीत हे मला जिना उतरतानाच माहीत होतं. आता केसपेपर वाचला की असं दिसतं की एका नर्सने रक्तदाब नव्वदवरून चौऱ्याऐंशी आणि चौऱ्याऐंशीवरून शहात्तर होताना बघितला, टाकाने लिहावं तसा नीट मांडला आणि कोणाला काही सांगितलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हे.

गेल्या महिन्याच्याच २० तारखेला रुग्णालयाची चौकशी झाली. पाच जणांची समिती होती. चित्रगुप्त म्हणाली, "सर, कच्ची वही बघा. त्यात तिन्ही फोन आहेत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "अशी वही आमच्या वॉर्डात नसते." ती रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि मग समितीला म्हणाली, "लिहायचं माझ्याकडून राहिलं." माझं नाव तिने घेतलं नाही. मी तिला थांबवलं होतं हेही बोलली नाही. गणवेशाची शिवण अजून उसवलेलीच होती.

वही तेव्हा कपड्यांच्या खोलीत, वरच्या फळीवर, चादरींच्या खाली होती. महिना संपल्यावर फाडायला घेतली, पण हात धजला नाही. याला कोणी सचोटी म्हणू नये. फाडलीही नाही आणि दिलीही नाही, धड ना इकडची ना तिकडची, एवढंच त्याचं मोल आहे.

आज बुधवार. सकाळी ११ वाजता पहिल्या वर्षाचा तास होता. प्राचार्यांनी चिठ्ठी पाठवली होती की नोंदींचा धडा 'आपल्याकडच्या ताज्या उदाहरणावरून' घ्यावा. म्हणजे मी चित्रगुप्तवरून शिकवायचं. मी फळ्यावर दरवर्षीचं वाक्य लिहिलं, 'जे लिहिलं नाही, ते केलं नाही.' खाली तिचे तीन रक्तदाब लिहिले आणि मुलींना विचारलं, या नर्सची चूक काय झाली. अडतीस मुली आहेत. छत्तीस जणींनी हात वर केला. दुसऱ्या रांगेतली एक म्हणाली, "बाई, त्यांना कोणाला सांगायचंच नव्हतं तर त्यांनी सारखा रक्तदाब कशाला मोजला?"

समितीतल्या पाच जणांना हा प्रश्न पडला नव्हता. या मुलीला शाळेत येऊन तीन महिने झालेत. मी तिला "बस खाली" म्हटलं. मला माझीच शिसारी आली. खडू टेबलावर ठेवला, वॉर्डात गेले, शिडी लावून वही काढली आणि तशीच इकडे आले. गणवेशावर खडू दिसतो आहे तो त्याचा.

मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी शिकवून पाठवलेलं नाही. या जबाबाने माझ्यावरही गुन्हा लागेल, हे साहेबांनी मला समजावून सांगितलं. मला ते कळतं, कायदा मीच शिकवते. चित्रगुप्तची सुनावणी परवा आहे, तेव्हा वही त्याआधी तिथे पोचावी एवढी विनंती आहे. मी परवा स्वतः जाणार आहे, पण माझ्या तोंडी शब्दाची किंमत काय ते समितीने पाहिलेलं आहे.

कच्ची वही एक, निळ्या पुठ्ठ्याची, हजर करत आहे. पान ८७ वर १४ तारखेच्या सकाळच्या पाळीच्या नोंदी आहेत. अक्षर चित्रगुप्तचं आहे. फोनच्या तीन नोंदींच्या खाली लिहिलं आहे : '१२.५५ – मोठ्या सिस्टरना सांगितले. थांब म्हणाल्या.' पानाच्या शेवटी 'पाहिले' असं लिहून माझी सही आहे. त्या दिवशीच्या गडबडीत पाळीच्या सह्या केसपेपरवर उतरवण्याआधीच, दुपारी तीन वाजता झाल्या होत्या.

हवालदारांनी हा जबाब मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, नंतर मी माझ्या चष्म्याने पुन्हा वाचला. जसं सांगितलं तसं उतरलं आहे, काही गाळलेलं नाही. खाली सही करते. वहीतल्या सहीशी ताडून बघायला कोणा तज्ज्ञाकडे पाठवायची गरज नाही, दोन्ही माझ्याच आहेत. ही सही वाचून केली आहे. ती पण वाचूनच केली होती.